रिपोर्टवर १८४० आलंय, आता नवऱ्यावर संशय घ्यायचा का?

पत्र (थोडं आखडून): ताई, आमच्या लग्नाला आठ वर्षं झाली. २०१९ मध्ये हर्नियाच्या ऑपरेशनआधी केलेल्या तपासणीत यांना एचआयव्ही असल्याचं कळलं. मी आजवर दरवेळी निगेटिव्ह. यांचं एआरटी (एचआयव्हीवरचं औषध) सुरू आहे, २०२१ पासून रात्री नऊला एकच गोळी. दरवर्षी व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या मोजणीच्या, रिपोर्टवर 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' (विषाणू सापडला नाही) असंच येतं. मूल हवं म्हणून डॉक्टरांना विचारून गेल्या दिवाळीपासून आम्ही कंडोम बंद केला. यंदा महालक्ष्म्या झाल्यावर पुढच्या आठवड्यात यांनी रक्त दिलं आणि रिपोर्ट आला १८४०. यांनीच घरी आणून दाखवला. केंद्रावर गर्दी होती, 'तीन महिन्यांनी परत तपासू' एवढंच सांगितलं म्हणे. हे पिथमपूरला कंपनीत आहेत, चार महिन्यांपासून पाळ्या बदलत्या झाल्यात, घरी धड बोलणंही होत नाही. मनात येतं, बाहेर काही केलं असेल म्हणूनच आकडा वाढला का? मला लागण झाली असेल का? औषध लागू पडेनासं झालं का? खासगी लॅबमधून लगेच पुन्हा तपासून घ्यावं का? मुलाचं आता विसरायचं का? सासूबाईंना यातलं काहीच माहीत नाही. नणंद नर्स आहे, तिला रिपोर्ट दाखवू का? — नाव छापू नये, सुदामानगर, इंदूर

तातडीचं आधी. हा पहिला भाग मी तुम्हाला पत्र मिळालं त्याच दिवशी मेलवर कळवला होता. इथे पुन्हा लिहिते आहे तो तुमच्याच परिस्थितीतल्या इतर बायकांसाठी.

रिपोर्टचा आकडा हजाराच्या वर आहे आणि कंडोमशिवाय आलेल्या शेवटच्या संबंधाला ७२ तास उलटलेले नाहीत, असं असेल तर थेट एआरटी केंद्रावर जायचं. ते बंद असेल तर सरकारी रुग्णालयाच्या आकस्मिक विभागात. तिथे 'पेप' मागायचं. संबंधानंतर लागण रोखण्यासाठी घ्यायचं हे २८ दिवसांचं औषध आहे. जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग नाही. द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील, पण दारापर्यंत तुम्हीच जायला हवं. तुमची स्वतःची तपासणी लगेच करा आणि कंडोमशिवायच्या शेवटच्या संबंधाला तीन महिने झाले की पुन्हा एकदा. लागण झाली तरी सुरुवातीचे काही आठवडे ती चाचणीत दिसत नाही, त्यामुळे आजच्या एका निगेटिव्हवर निश्चिंत होता येत नाही. आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्रात, ही तपासणी फुकट होते आणि नाव बाहेर जात नाही. आणि पाळी चुकली असेल तर ते सगळ्यात आधी सांगा. गरोदरपणात आईला नव्याने लागण झाली तर तिच्या रक्तात विषाणू फार मोठ्या संख्येने असतात आणि बाळाला धोका वाढतो. तिथे आठवडाभरसुद्धा वाट पाहायची नसते.

कंडोम आजपासून परत सुरू. रुसवाफुगवा, जाब विचारणं, जे काय असेल ते नंतर.

आता संशयाचं. पत्रात पाच-सहा प्रश्न आहेत, पण मला वाटतं तुम्हाला खरा बोचतोय तो पहिलाच. त्याचं उत्तर असं, की हा आकडा नवऱ्याच्या वागणुकीची साक्ष देऊ शकत नाही. ती त्याला मोजताच येत नाही. औषध शरीरात पोचतंय का आणि पोचून काम करतंय का, एवढंच तो सांगतो.

रक्त घेताना जांभळ्या झाकणाची नळी वापरतात, पाहिली असेल. ती यंत्रात गरगर फिरवून रक्तपेशी खाली बसवतात, वरचा पिवळसर प्लाझ्मा वेगळा काढतात आणि त्यात विषाणूच्या आरएनएच्या (त्याच्या जनुकीय द्रव्याच्या) किती प्रती आहेत ते मोजतात. १८४० म्हणजे दर मिलिलिटरला १८४० प्रती. औषध न घेणाऱ्या माणसात हाच आकडा हजारोंत, कित्येकदा लाखांत असतो. उपचाराशिवाय शरीरात रोज सुमारे एक हजार कोटी नवे विषाणू तयार होतात, असा हिशोब १९९६ मध्ये पेरेल्सन, डेव्हिड हो आणि त्यांच्या सहकारी शास्त्रज्ञांनी मांडला होता. गोळी नव्या प्रती होऊ देत नाही. पण काही पांढऱ्या पेशी सुस्त पडून असतात आणि त्यांच्यात दडलेल्या विषाणूला कुठलंच औषध बाहेर काढत नाही. त्यामुळे 'नॉट डिटेक्टेड' याचा अर्थ यंत्राला सापडला नाही, इतकाच. गोळी पूर्ण थांबली तर बहुतेकांत दोन ते चार आठवड्यांत विषाणू पुन्हा रक्तात दिसू लागतो.

थोडक्यात, तुमच्या यजमानांच्या अंगात आहे तोच जुना विषाणू पुन्हा डोकं वर काढतोय, ही शक्यता सगळ्यात मोठी. बाहेरून विषाणूचा दुसरा प्रकार येऊन आकडा वाढल्याचं वैद्यकात अजिबात ऐकलेलं नाही असं नाही. पण नेमाने गोळी घेणाऱ्यात ते इतकं विरळ, की डॉक्टरसुद्धा हे कारण अगदी शेवटी धरतात. माझ्या समुपदेशनाच्या वर्षांत रिपोर्ट हातात घेऊन नवऱ्याला उभं-आडवं विचारणाऱ्या बायका आल्या आणि बायकोला विचारणारे नवरेही आले. त्यात एक गोष्ट नक्की व्हायची. ज्याची उलटतपासणी झाली तो पुढच्या वेळी रिपोर्ट घरी आणायचा नाही, कधी तर तपासणीलाच जायचा नाही. तुमच्या यजमानांनी कागद स्वतःहून तुमच्या हातात दिला. ज्याला लपवायचंय तो असं करेल का, याचा विचार करा. आणि हा कागद नसतानाही तुमच्या मनात शंका होतीच, असं असेल तर ती वेगळी विचारा, कागद मध्ये न आणता. नवरा-बायकोत अशी शंका असू शकते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त तिचा पुरावा या नळीत शोधू नका.

मग आकडा वाढला कशाने? तुमच्या पत्रात तीन गोष्टी जाता जाता आल्या आहेत. तुमच्या लेखी त्या बिनमहत्त्वाच्या असाव्यात, माझी नजर मात्र तिथेच अडकली. (त्यातल्या दोन वर छापलेल्या भागात आलेल्या नाहीत.)

पहिली म्हणजे महालक्ष्म्या. ग्वाल्हेरच्या आत्या, देवासचे चुलतसासरे, सगळे मिळून दहा दिवस घर भरलेलं, आणि 'आमच्या खोलीत आत्या निजायच्या, आम्ही हॉलमध्ये' असं तुम्ही लिहिलंय. गोळ्यांची डबी कुठे असते? त्याच खोलीच्या कपाटात, असं पुढे दुसऱ्याच संदर्भात आलंय. तीस गोळ्यांची ती प्लॅस्टिकची डबी उघडताना खुळखुळते. घरात कोणाला कळू नये म्हणून तिच्यात कापूस कोंबून ठेवणारी माणसं मला माहीत आहेत. रात्री नऊला आत्या पलंगावर बसून वाती वळतायत, समोर कपाट, आणि तुमच्या यजमानांनी कपाट उघडून डबी काढायची. चार-सहा दिवस तरी ती गोळी पोटात गेली नसेल असं मी धरून चालते. त्याच्या पुढच्याच आठवड्यात रक्त दिलं गेलं. शिवाय वर्षातून एकदाच होणारी तपासणी म्हणजे एकच फोटो असतो. तो नेमका घरातल्या सगळ्यात गोंधळाच्या पंधरवड्यानंतर निघाला.

दुसरी, बदलत्या पाळ्या. रात्री नऊची वेळ सकाळच्या पाळीत ठीक आहे. दुपारच्या पाळीत नऊला माणूस मशीनवर उभा असतो, रात्रपाळीच्या आठवड्यात जेवण-डबा-बस या धावपळीत असतो. सकाळी आल्यावर घेईन म्हणतो, येतो आणि पडल्या पडल्या झोपतो.

तिसरी गोष्ट तर तुम्ही कौतुकाने लिहिली आहे. पाळ्यांमुळे जेवणाच्या वेळा बिघडल्या, पित्त वाढलं, कंपनीच्या गेटवरचे पोहे-जिलबी आणि वर शेव, म्हणून तुम्ही रोज झोपण्याआधी त्यांना आठवणीने पातळ अँटासिड देता आणि गुडघ्यांसाठी कॅल्शियमची गोळीही सुरू केलीत. आता नीट वाचा. त्यांच्या एका गोळीत तीन औषधं आहेत: टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर. यातलं शेवटचं सगळ्यात जोरकस. पण अॅल्युमिनियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम किंवा लोह पोटात सोबत असेल तर ते त्यांना चिकटून बसतं आणि रक्तात पुरेसं उतरत नाही. पातळ अँटासिडमध्ये अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमच असतं. म्हणजे गोळी घेतली, डबीतली संख्या बरोबर जुळली, तरी औषध अंगी लागलं नाही, असं होऊ शकतं.

म्हणून नियम असा. एआरटीची गोळी अँटासिडच्या दोन तास आधी, नाहीतर सहा तास नंतर. कॅल्शियम आणि लोहालाही हेच अंतर. फरक एवढाच की भरल्या जेवणासोबत घेतली तर ती एआरटीच्या गोळीबरोबरही चालतात. पित्तासाठी डॉक्टरांनी पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल दिलं तर त्याची या गोळीशी अडचण येत नाही. ताकद यावी म्हणून मेडिकलवरून आणलेल्या मल्टीव्हिटॅमिनमध्येही लोह, कॅल्शियम, झिंक असतं, तेही याच यादीत धरा. मधुमेहाचं मेटफॉर्मिन, फिटची काही औषधं आणि टीबीचं रिफॅम्पिसिन यांचाही या गोळीशी संबंध येतो. तिथे मात्रा बदलावी लागते, म्हणून यातलं काही सुरू झालं की केंद्रावर सांगायलाच हवं. देशी औषधं, काढे, चूर्णं हेही सांगा. रागावले तर रागावू देत.

तुम्ही काळजीपोटी दिलंत, हे मी वेगळं सांगायला नको. रात्रीचं अँटासिड आणि रात्रीची गोळी यांची गाठ पडते हे तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. औषध देणाऱ्याने विचारायला हवं होतं, 'अजून काय काय घेता?' ते राहून जातं.

आता या आठवड्यात एक काम करा, दोघांनी मिळून. सुट्टीच्या दिवशी, सासूबाई देवळात गेल्या की, पलंगावर वर्तमानपत्र पसरा आणि डब्यांमधल्या गोळ्या त्यावर ओता. केंद्रावरून मिळालेल्या हिरव्या पुस्तकात गोळ्या कधी आणि किती दिल्या ते लिहिलेलं असतं. तीन महिन्यांच्या नव्वद मिळाल्या असतील तर तेव्हापासूनचे दिवस मोजा, वजा करा, आणि किती उरायला हव्या होत्या नि किती उरल्यात ते बघा. मोजणी त्यांना करू द्या, तुम्ही फक्त आकडे लिहा. पंधरा जास्त निघाल्या तर 'अहो, हे काय' असं न म्हणता 'कुठल्या दिवशी राहतात?' असं विचारा. एवढ्या एका प्रश्नावर माणूस बोलू लागतो. महिन्यात एखादी राहिली तर औषध सांभाळून घेतं. त्याच्या वर गेलं की गणित बिघडत जातं. आणि गोळ्या अगदी बरोबर निघाल्या, तर बोट अँटासिडकडे जाईल.

वेळेचं म्हणाल तर ही गोळी जेवणाआधी, जेवणानंतर, सकाळी, रात्री, कधीही चालते. नऊच्या ठोक्याला पवित्र काही नाही. तिन्ही पाळ्यांत माणूस हमखास जागा असेल अशी वेळ त्यांनी निवडावी. माझ्या हिशोबाने संध्याकाळी सात-साडेसातची बसते: सकाळपाळीत घरी, दुपारपाळीत डब्याच्या सुट्टीत, रात्रपाळीत निघण्याआधी. तास-दोन तास इकडेतिकडे झाले तर काही बिघडत नाही. विसरली आणि आठवली की घ्यायची. मात्र पुढच्या गोळीची वेळ येऊन ठेपली असेल तर दोन एकदम घ्यायच्या नाहीत. दोन-तीन दिवसांपुरत्या गोळ्या छोट्या घट्ट झाकणाच्या डबीत घालून कंपनीच्या बॅगेत ठेवाव्यात. महिन्याभराच्या गोळ्या कागदात गुंडाळून ठेवू नयेत. मूळ डबीत ओलावा शोषणारी जी पुडी असते ती काढून टाकायची नाही आणि झाकण घट्ट लावायचं. पाहुणे येणार असतील तर डबी आधीच कपाटातून हलवायची. घरात लपवायला सगळ्यात सुरक्षित जागा कुठली, हे सुनेइतकं कोणाला ठाऊक असतं?

औषध लागू पडेनासं झालं का, हा तुमचा प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर आज कोणालाच देता येणार नाही. आपल्याकडच्या सरकारी एड्स कार्यक्रमात रेघ हजाराची आहे. उपचार सुरू झाल्यावर सहाव्या महिन्यात, बाराव्या महिन्यात आणि पुढे वर्षाला एकदा व्हायरल लोड होतो. हजाराच्या आत असेल तर आहे तेच पुढे चालू. हजाराच्या वर गेला तर आधी गोळ्या कुठे अडतात ते शोधायचं, त्यासाठी जास्तीचं समुपदेशन करायचं, आणि तीन महिने गोळ्या नीट झाल्यावर पुन्हा तपासायचं. तुम्हाला केंद्रावर 'तीन महिन्यांनी' सांगितलं ते टाळाटाळ म्हणून नव्हे. फक्त त्या तीन महिन्यांत काय करायचं हे सांगायचं राहिलं, आणि तेच खरं काम आहे. नुसती वाट पाहत बसाल तर तोच आकडा परत येईल, कदाचित मोठा होऊन.

पन्नास-शंभर-दोनशे असा एखादा आकडा मधेच उगवतो आणि पुढच्या वेळी आपोआप नाहीसा होतो. तशाला डॉक्टर फारसं महत्त्व देत नाहीत. १८४० त्यात बसत नाही. घाबरू नका म्हणते आहे, पण काही झालंच नाही असंही म्हणत नाही. अर्धवट औषधात विषाणू वाढत राहिला की तो औषधाला चकवायला शिकतो, आणि या गोळीतलं लॅमिव्हुडिन सहसा सगळ्यात आधी हातचं जातं. डोल्युटेग्राविरच्या बाबतीत मात्र हे सहजासहजी होत नाही. म्हणूनच गोळ्या सुरळीत झाल्या की याच औषधावर आकडा पुन्हा खाली येणारी माणसं पुष्कळ असतात. दुसऱ्या तपासणीतही तो हजाराच्या वरच राहिला तर प्रकरण राज्याच्या तज्ज्ञ समितीकडे जातं आणि दुसऱ्या फळीच्या औषधांचा विचार होतो. ती औषधंही केंद्रातूनच मोफत मिळतात. पण ते पुढचं; आजच 'औषध बदला' म्हणून हट्ट धरू नका. चांगली गोळी उगीच सोडली तर पुढचे पर्याय कमी होत जातात.

जुन्या पेशंटांना आठवत असेल, एकेकाळी हे कळायचंच नाही. सरकारी एआरटी १ एप्रिल २००४ ला सुरू झालं, पण सगळ्यांना नेमाने व्हायरल लोड मिळू लागला तो २०१८ पासून. तोवर सीडी-४ वर भिस्त होती. सीडी-४ म्हणजे शरीराच्या फौजेची गणती. औषध निकामी झालं तरी ती लगेच घसरत नाही. महिनोन्‌महिने चांगली दिसत राहते आणि तोवर विषाणू आत पक्का होतो. तुमच्या यजमानांची सीडी-४ आजही छान असेल. म्हणून व्हायरल लोड चुकीचा असेल असं समजू नका. वाढ आधी व्हायरल लोडमध्ये दिसते, त्यासाठीच तर ती तपासणी आहे.

खासगी लॅबमधून लगेच करून घ्यावं का? माझ्या मते पैसे वाया. काही हजार रुपये जातील आणि आकडा वेगळाच येईल. वेगवेगळ्या यंत्रांच्या आकड्यांत तफावत असते. तिपटीपेक्षा कमी फरकाला फारसा अर्थ नसतो. समजा नऊशे आला, तुम्ही हुश्श कराल. तीन हजार आला, रात्रभर रडाल. दोन्ही वेळा करायचं काम तेच राहील. गोळ्या नीट न करता केलेल्या तपासणीतून नवं काही कळत नाही.

आता तुमच्या लागणीची भीती. यावर मोजूनमापून बोलायला हवं. 'नॉट डिटेक्टेड' असताना संबंधातून लागण होत नाही, हे डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं ते खरंच आहे. युरोपातल्या 'पार्टनर' अभ्यासात एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह अशी ८८८ जोडपी होती. त्यांच्यात कंडोमशिवाय सुमारे ५८,००० वेळा संबंध आले आणि उपचारावर असलेल्या जोडीदाराकडून एकालाही लागण झाली नाही. ते निष्कर्ष २०१६ मध्ये आले. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही मांडलं, की विषाणू सापडतच नसेल तर जोडीदाराला धोका शून्य, आणि सापडतो पण हजार किंवा त्याच्या आत असेल तर जवळजवळ नाहीच. त्यामुळे गेल्या दिवाळीपासून तुम्ही वेडेपणा केलात असं मनात आणू नका. आकडा वर्षातल्या कुठल्या महिन्यात चढला हे कोणी सांगू शकणार नाही, पण माझा अंदाज खरा असेल तर तो अलीकडचा आहे. १८४० ला धोका शून्य म्हणता येत नाही, म्हणूनच तपासणी आणि कंडोम. पण लाखांच्या आकड्याइतका तो खासच नाही. ताप, अंगावर पुरळ, घशात गाठी असलं काही शोधत आरशासमोर उभं राहू नका; लक्षणांवरून यात काही ठरत नाही, चाचणीवरूनच ठरतं.

मुलाचं विसरायचं कशाला? पुढे ढकलायचं. पुढची तपासणी हजाराच्या आत, आणि मला विचाराल तर 'नॉट डिटेक्टेड' आली, ती टिकली, तुमची तपासणी निगेटिव्ह राहिली, की डॉक्टरांशी बोलून परत सुरू करता येईल. तुमच्या मनाला अधिक आधार हवा असेल तर 'प्रेप'बद्दल विचारा. निगेटिव्ह जोडीदाराने आधीपासून घ्यायची गोळी असते ती, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आपल्याकडेही मिळते. सासूबाई 'कधी गं?' म्हणून विचारत असतील, त्यांना काय उत्तर द्यायचं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं जमत असणार.

सासूबाईंना सांगायलाच हवं असं कुठल्याही कायद्यात नाही. उलट २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा, जो सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, असं सांगतो की त्या माणसाच्या लेखी संमतीशिवाय कोणी त्याची स्थिती दुसऱ्याला उघड करू नये. अपवाद आहेत, पण मोजके. कंपनीलाही नोकरीसाठी ही तपासणी मागता येत नाही आणि या कारणावरून कोणाला काढता येत नाही. यजमानांना पाळी कायम एकच मागायची असेल तर 'पित्ताचा त्रास आहे, जेवणाच्या वेळा पाळायला सांगितल्यात' एवढं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पुरतं. खोटंही नाही ते. केंद्रावर मोकळेपणाने बोलता येत नसेल तर १०९७ हा एड्स हेल्पलाइनचा फुकटचा क्रमांक आहे.

केंद्रावर पुढच्या खेपेला दोघांनी जा. सोबत अँटासिडची बाटली, कॅल्शियमची पट्टी, घरात जे काही घेतलं जातं ते सगळं पिशवीत घालून न्या. नावं आठवत बसण्यापेक्षा बाटलीच टेबलावर ठेवलेली बरी. परत रक्त कोणत्या तारखेला द्यायचं ते हिरव्या पुस्तकावर लिहून घ्या, आणि ती तारीख दिवाळीच्या पाहुण्यांत सापडत नाही ना, तेही बघा.

राहिली नणंद. नर्स आहे म्हणून तिला दाखवावंसं वाटणं साहजिक आहे, पण कागद यजमानांचा आहे. दाखवायचा की नाही, हे त्यांनी ठरवायचं.